खुबा हलता ठेवू, चाल सुधारू



दिवाळीनंतरची गोष्ट आहे. आमच्या गटातल्या एक काकू लागोपाठ तीन बैठकांना आल्या नाहीत. बचतीचे पैसे नातवाच्या हाती वेळेवर यायचे, पण काकू काही यायच्या नाहीत. न कळवता गैरहजर राहिलं की दहा रुपये दंड, असा आमच्या गटाचा नियम. तीन बैठकांचे तीस रुपये त्यांच्या नावावर लिहिले गेले. चौथ्या बैठकीआधी मी दंड मागायला त्यांच्या घरी गेले. काकू बाजेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "दंड घेऊन जा बाई. पण मला खाली बसवत नाही. बसले तर उठवत नाही. चार बायांनी धरून उठवायचं, ते मला बरं दिसत नाही."

मी गटाची सीआरपी. कर्जाचे हप्ते, रजिस्टर, ऑनलाइन नोंदी यासाठी मी रोज गावभर फिरते. आणि शेजारच्या आळीतल्या बाईचं दुखणं मला तीन महिने कळलं नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. सोयाबीन काढणीच्या वेळी त्यांच्या उजव्या जांघेत कळ निघाली. आधी तेल लावून चोळलं. मग बाजाराच्या दिवशी जाऊन इंजेक्शन. आठ दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. असं करत करत त्यांनी बाहेरून व्याजाने पाच हजार रुपये उचलले. "गटातून का नाही मागितले?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "मागायला बैठकीला यावं लागतं ना!"

त्यानंतर आम्ही दोघी ग्रामीण रुग्णालयात गेलो, तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात. एक्स-रे निघाला. खुब्याच्या सांध्याची थोडी झीज झाली होती, ऑपरेशनची गरज नव्हती. तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी काकूंना काही सोप्या हालचाली शिकवल्या. मी शेजारी उभी राहून त्या लिहून घेतल्या आणि पुढचे दोन महिने काकूंबरोबर करूनही पाहिल्या. आजचा पाठ त्याचाच आहे.

खुबा म्हणजे नेमकं कुठं?

आपण सरसकट "कंबर दुखते" म्हणतो. पाठीच्या खाली दुखलं तरी कंबर, जांघेत दुखलं तरी कंबर, कुल्ल्यावर दुखलं तरी कंबरच. डॉक्टरांनाही तेच सांगतो आणि मग उपाय भलत्याच जागेवर होतो. म्हणून आधी बोट ठेवून जागा सांगायला शिकू.

मांडीचं हाड वर जिथं धडाला जोडलेलं असतं, तो खुबा. या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीसारख्या खोलगट जागेत बसतं. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हणतात. म्हणूनच पाय पुढे, मागे, बाजूला आणि गोल असा सगळीकडे फिरतो. चेंडू आणि वाटी या दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि मध्ये शरीराने तयार केलेलं वंगण.

आता दुखण्याची जागा पाहा:

• जांघेत किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला दुखतं: बहुतेक वेळा हे खुद्द खुब्याच्या सांध्याचं दुखणं. कधी कधी ते गुडघ्यापर्यंत जातं. बाई गुडघ्याला मलम लावत बसते आणि दोष असतो खुब्यात.

• बाहेरच्या बाजूला, जिथं हाड हाताला लागतं तिथं दुखतं, आणि त्या कुशीवर झोपलं की वाढतं: हे बहुधा हाडाला चिकटलेल्या स्नायूंच्या टोकांचं दुखणं. दुसऱ्या कुशीवर झोपा आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या. एका पायावर भार टाकून कंबर बाजूला काढून उभं राहायची सवय असेल तर ती सोडा.

• कुल्ल्यापासून पायात खाली करंट उतरतो, मुंग्या येतात, बधिर वाटतं: हे बहुतेक पाठीच्या मणक्यातून येणारी शीर दबल्याचं लक्षण. याला आधी डॉक्टरांना दाखवा, व्यायाम नंतर.

"दिवसभर शेतात हलतोच की आम्ही!"

हा प्रश्न काकूंनीच फिजिओ ताईंना विचारला होता. प्रश्न रास्त आहे. आपल्याइतकं कष्टाचं काम कोण करतं?

पण नीट आठवून पाहा. खुरपताना, चुलीपुढे, भांडी घासताना, सोयाबीन कापताना खुबा तासन्‌तास दुमडलेलाच असतो. पाय मागे जाण्याची आणि बाजूला उघडण्याची हालचाल दिवसभरात फारशी होतच नाही. वरून डोक्यावर किंवा कडेवर ओझं. म्हणजे खुब्याला काम भरपूर मिळतं, पण एकाच ठरावीक जागेत आणि भाराखाली. न वापरलेल्या बाजूला तो हळूहळू आखडतो.

दुखायला लागलं की उलटं होतं. आपण पाय जपतो, हलवतच नाही. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, थोडा दाबला आणि सुटला, की वंगणातून तिला पोषण मिळतं. सांधा हललाच नाही तर तो आणखी आखडतो, आजूबाजूचे स्नायू ढिले पडतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. मग आणखी दुखतं आणि आपण आणखी जपतो. हे चक्र तोडायला भार न घेता, हळू, सगळ्या दिशांनी केलेली हालचाल लागते.

खुब्याचा आणि चालीचा संबंध

चालताना एक पाय पुढे जातो तेव्हा दुसरा खुब्यातून मागे जायला हवा. खुबा आखडला की पाय मागे जात नाही. मग पाऊल लहान पडतं, बाई कमरेत वाकून चालते आणि पाठही दुखायला लागते.

दुसरी गोष्ट. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर उभ्या असतो. तेव्हा कंबर सरळ धरून ठेवण्याचं काम खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात. ते ढिले पडले की कंबर एकीकडे कलते आणि बाई झुलत, लंगडत चालते. अंगाचं वजन आणि या स्नायूंची ओढ मिळून साधं चालतानाही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. ५० किलोच्या बाईच्या खुब्यावर दर पावलाला जवळजवळ सव्वाशे किलो! वजन जास्त असेल तर चार-पाच किलो कमी झाल्याचाही फरक पडतो, तो यामुळेच.

आधी दवाखाना, मग व्यायाम

खालीलपैकी काहीही असेल तर घरी व्यायाम सुरू करू नका:

१. पडल्यानंतर पायावर उभंच राहता येत नाही, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो. वयस्क बाईचं हाड मोडलेलं असू शकतं. चोळू नका, ओढू नका, चालवू नका. १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

२. ताप आहे आणि सांधा हलवताच येत नाही.

३. वजन उतरतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री घाम फुटतो, भूक नाही. क्षयरोग फक्त फुप्फुसाला होतो असं नाही, तो खुब्यालाही होतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

४. रात्री पडल्या पडल्याही दुखणं थांबत नाही.

५. दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली आहे, लघवी-संडासवर ताबा राहत नाही. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

६. घरात सिकलसेलचा आजार आहे, किंवा पूर्वी बरेच दिवस स्टिरॉइडची औषधं घेतली आहेत. या दोन्हींमुळे खुब्यातल्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटून हाड खचू शकतं. विदर्भातल्या आणि आदिवासी भागातल्या मैत्रिणींनी हे खास लक्षात ठेवावं. तरुण वयात जांघ दुखत असेल तरी दुर्लक्ष नको.

गरोदर बायांनी आणि खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बायांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच हालचाली कराव्यात.

आणखी एक. दुखण्यावर पुडी किंवा इंजेक्शन घेताना औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा. दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

दुखणं आण्यात मोजा

व्यायाम करताना किती दुखलं तर चालेल? आम्ही गटात एक माप ठरवलं. अजिबात दुखत नाही म्हणजे शून्य, सहनच होत नाही म्हणजे रुपया. व्यायाम करताना चार आण्यांपर्यंत दुखलं तर चालू ठेवा. आठ आण्यांच्या पुढे गेलं तर थांबा. मधलं असेल तर हालचाल लहान करा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं नेहमीच्या जागी यायला हवं. आलं नाही तर आदल्या दिवशी जास्त झालं, असं समजून निम्मं करा. पण पूर्ण बंद करू नका.

पहिल्या आठवड्यात स्नायू थोडे अंबतात. ते नव्या कामाचं असतं, घाबरू नका.

हालचाली

पहिल्या चार रोज सकाळी अंथरुणातच करा. श्वास रोखू नका, झटका देऊ नका. खाली बसता येत नसेल तर बाजेवर करा, फक्त बाज फार झोळ झालेली नसावी. सुरुवातीला प्रत्येक हालचाल पाच वेळा, मग हळूहळू दहा वेळा.

१. टाच सरकवणे. पाठीवर झोपा, पाय सरळ. एका पायाची टाच अंथरुणावरून घासत कुल्ल्याकडे आणा. गुडघा वर येईल. मग तशीच हळू सरळ करा. दुसऱ्या पायाने करा.

२. गुडघे झुलवणे. दोन्ही गुडघे दुमडा, तळवे अंथरुणावर टेकलेले. दोन्ही गुडघे जोडून थोडे उजवीकडे, मग थोडे डावीकडे कलवा. झोपाळ्यासारखं हळू. जमिनीला टेकवायची गरज नाही.

३. गुडघा उघडणे. त्याच स्थितीत एक गुडघा स्थिर ठेवा, दुसरा बाहेरच्या बाजूला हळू उघडा आणि परत आणा. जांघेत हलका ताण जाणवेल.

४. गुडघा पोटाकडे. दोन्ही हातांनी मांडीला मागून धरून एक गुडघा पोटाकडे आणा, पाच आकडे मोजा, सोडा. जांघेत टोचलं तर तेवढ्यावरच थांबा.

पुढच्या चार स्नायू बळकट करण्यासाठी आहेत. त्या एक दिवसाआड करा, कामावरून आल्यावर लगेच नको, थोडं टेकून झाल्यावर.

५. कंबर उचलणे. पाठीवर झोपून गुडघे दुमडा. कुल्ले आवळून कंबर वीतभर वर उचला, तीन आकडे मोजा, हळू खाली. पाठीत कळ आली तर कमी उचला.

६. शिंपला. कुशीवर झोपा, गुडघे थोडे दुमडलेले आणि एकावर एक. टाचा जोडलेल्या ठेवून वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडा आणि मिटा. कंबर मागे कलू देऊ नका. खालची कूस दुखत असेल तर ही हालचाल सोडा, सातवी करा.

७. उभ्याने पाय बाजूला आणि मागे. दाराच्या चौकटीला किंवा ओट्याला धरून ताठ उभ्या राहा. एक पाय बाजूला वीतभर न्या, परत आणा. मग तोच पाय मागे न्या. धड पुढे वाकू देऊ नका. पाय थोडाच जाईल, तेवढा पुरे.

८. खुर्चीवरून ऊठ-बस. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घेऊन उठा, मग हळू बसा. धपकन बसू नका. जमत नसेल तर सुरुवातीला हाताचा आधार घ्या, किंवा खुर्चीवर घडी घातलेली गोधडी ठेवून बैठक उंच करा.

चालताना

रोज थोडं मोकळं चाला. मोकळं म्हणजे डोक्यावर, कडेवर काही नाही. सुरुवातीला पाच मिनिटं, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. टाच आधी टेकवा, नजर समोर, हात मोकळे हलू द्या. चपलेला मागे पट्टा असावा.

लंगड येत असेल तर काठी घ्या. आणि इथं बहुतेकजणी चूक करतात. काठी दुखऱ्या बाजूला धरायची नसते. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरा, आणि उजवा पाय पुढे टाकाल तेव्हाच काठीही पुढे टाका. मग दुखऱ्या बाजूच्या स्नायूंना कमी ओढावं लागतं आणि सांध्यावरचा भार हलका होतो. काकूंना काठीची लाज वाटायची. त्या म्हणायच्या, "लोक म्हणतील म्हातारी झाली." त्यांनी काठी घेतली ती शेवटी छत्री म्हणून. पावसाळा नसतानाही मोठ्या दांड्याची छत्री घेऊन त्या महिनाभर फिरल्या! चालतं तेही. फक्त दांडा मजबूत हवा आणि खाली रबर हवं.

घरात आणि शेतात

• खुरपताना अर्ध्या तासाने उठा, कमरेवर हात ठेवून दोन्ही पाय पाच-पाच वेळा मागे न्या. दोन मिनिटं जातात.

• सारखं उकिडवं बसण्यापेक्षा गोणपाटाची जाड घडी घेऊन त्यावर एक गुडघा टेकवा, मग पाय बदला. जिथं जमेल तिथं उभ्याने चालवायचं कोळपं वापरा.

• एका कडेवर घागर नेण्यापेक्षा दोन हातांत दोन लहान बादल्या बऱ्या. एक खेप वाढेल, पण भार दोन्हीकडे सारखा पडेल.

• भाजी निवडणं, धान्य पाखडणं ही कामं उंच स्टुलावर किंवा बाजेवर बसून करा.

• खाली बसून संडासला त्रास होत असेल तर कमोडची खुर्ची घ्या. भिंतीला धरायला एक पाइप बसवला तरी उठायला खूप मदत होते.

किती फरक पडतो?

खरं तेच सांगते. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत नवी होत नाही. खुब्याच्या झिजेवर व्यायामाचा काय परिणाम होतो, याच्या दहा अभ्यासांचा आढावा २०१४ साली कॉक्रेन या संस्थेने घेतला होता. ० ते १०० च्या मापावर दुखणं सरासरी ८ ने कमी झालं आणि चालणं-उठणं-बसणं जवळपास तेवढंच सुधारलं. आकडा लहान वाटतो. पण ज्या बाईला मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागते, तिला विचारा त्याचं मोल.

फरक कळावा म्हणून मोजून ठेवा. खुर्चीपासून तीन मीटरवर, म्हणजे साधारण दहा फुटांवर, खडूने रेघ मारा. मोबाइलवर वेळ लावा. खुर्चीवरून उठा, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जा, वळून या आणि बसा. किती सेकंद लागले ते तारखेसह लिहा. वयस्क बाईला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर तिला पडण्याचा धोका आहे, तिच्याकडे जास्त लक्ष द्या. ही चाचणी घेताना शेजारी कुणीतरी उभं असावं.

काकूंना पहिल्या दिवशी १९ सेकंद लागले होते. तिसऱ्या आठवड्यात त्या कंटाळल्या, "काही होत नाही याने" म्हणून चार दिवस बंदही केलं. मग मी सकाळी जाऊन बसायला लागले. दोन महिन्यांनी १३ सेकंद. आज त्या बाजारात चालत जाऊन येतात, रात्री कुशीवर झोपतात. दिवसभर उकिडवं बसून खुरपायला मात्र त्या जात नाहीत, आणि जाणारही नाहीत. त्याऐवजी गटाच्या मसाल्याच्या कामात त्या पॅकिंगला बसतात, स्टुलावर.

दुखणं व्यायामाने हटत नसेल, चालणं कमी कमी होत असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. सांधा बदलण्याचं ऑपरेशन काहींना लागतं. तेव्हा खर्चाला घाबरून घरी बसू नका आणि बाहेरून व्याजाने पैसेही उचलू नका. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, मग गटात बोला.

आमच्या गटाने काय केलं

काकूंचा तीस रुपये दंड माफ झाला. ठराव रजिस्टरमध्ये लिहिला: आजारपणामुळे बाई आली नाही तर दंड नाही, आणि दोन बैठका चुकल्या की कुणीतरी घरी जाऊन चौकशी करायची. बैठकीच्या जागी आता तीन खुर्च्या असतात. पहिल्या बैठकीत काकू खुर्चीवर बसायला संकोचल्या, कारण अध्यक्ष सतरंजीवर होत्या. मग अध्यक्षच उठून दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. बाहेरचं कर्ज फेडायला काकूंना गटातून कर्ज मिळालं, त्याचे चार हप्ते वेळेवर आले आहेत.

पुढच्या बैठकीत यावर बोलू या

१. आपल्या गटात खाली बसायला, उठायला कुणाला त्रास होतो? त्या आजवर का बोलल्या नाहीत?

२. दुखण्यावरच्या इंजेक्शन-गोळ्यांसाठी गेल्या वर्षात कुणी बाहेरून कर्ज काढलं का?

३. बैठक संपल्यावर दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून सातवी आणि आठवी हालचाल करायची का? आशा ताईंना बोलवायचं का?

४. दहा फुटांची चाचणी घेऊन सगळ्यांची नोंद ठेवू. तीन महिन्यांनी पुन्हा मोजू.

तुमच्या गटात काय ठरलं ते प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीत सांगा. काकूही येणार आहेत. छत्री घेऊन.